दुसऱ्यांची बाजू

मी काकांच्या घरी राहायला गेले तो दिवस शांततेत सत्तांतर होण्याचा होता. हे शब्द माझे नाहीत, काकांचे.

मिनिॲपलिसजवळच्या ईडन प्रेरीतल्या त्या घराचं बेसमेंट मी न बघताच भाड्याने घेतलं होतं. नागपूरहून नोकरीसाठी नुकतीच आले होते, गाडी नव्हती आणि ऑफिस तिथून बसने जाण्यासारखं होतं. बॅगा घेऊन दारात उभी राहिले तर आत वाद चाललेला. आधीची भाडेकरू, हैदराबादची एक मुलगी, एअरपोर्टला जायला उशीर होतोय म्हणून कातावलेली. तिच्यासमोर स्वेटरवर स्वेटर चढवलेले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ वाट अडवून उभे.

"अंकल, किल्ली टेबल पे रखी है ना!"

"टेबल पे नहीं. हिच्या हातात दे."

मुलीने किल्ली आणून माझ्या तळहातावर आपटली.

"शेकहँड," काका म्हणाले.

आम्ही दोघींनी हात मिळवले. ती पोरगी टॅक्सीत बसून गेली. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हातात द्यायचं आणि मुकाट निघायचं. एवढं ज्याला जमतं त्याचं घर टिकतं. आता दुसरे हरले, सगळं सोपवलं, पण शेकहँडला थांबले नाहीत. पहाटेच गाडी जोडून निघून गेले. ती त्यांची चूक. मोठ्या माणसाची झाली म्हणून काय, चूक ती चूकच."

मला वाटलं, दुसरे म्हणजे वरच्या मजल्यावरचे कोणी भाडेकरू असतील. मी विचारलं, "ते कुठे गेले मग?"

"मॅसॅच्युसेट्सला. शेतावर," काका म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी खुलासा केला, "अगं, अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष!"

काका त्यांचं नाव कधीच घेत नसत. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. ते नुसते 'दुसरे', आणि तेही आदरार्थी बहुवचनात. बाकी सगळा एकेरी कारभार. "पहिला सेनापती होता, त्याला सगळं सोपं गेलं." "तिसरा गोड लिहायचा, पण घरी गुलाम ठेवून माणसं समान असल्याचं लिहायचा. दुसऱ्यांनी एक गुलाम ठेवला नाही हो आयुष्यात." दुसऱ्यांच्या पत्नीला ते वहिनी म्हणत. दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या त्या बाईंविषयी ते असं बोलत की जणू मागच्या रविवारी त्या इथे थालीपीठ खाऊन गेल्या होत्या.

या वहिनींपायी मी पहिला हिवाळा कुडकुडत काढला. दुसरे व्हाइट हाउसात राहायला गेले तेव्हा ते अर्धवट बांधलेलं, ओलं आणि गारठलेलं होतं आणि वहिनी तिथल्या सगळ्यात मोठ्या दालनात दोऱ्या बांधून धुणं वाळत घालायच्या. म्हणून काकांच्या दिवाणखान्यात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, नायलॉनची दोरी होती. खाली ड्रायर चांगला चालू स्थितीत असूनही काकांचे लेंगे-बनियन त्या दोरीवर वाळत. पाहुणे आले की ओल्या बनियनखाली बसून चहा प्यायचे. बाहेर तळी गोठलेली आणि आत हीटर इतका कमी, की मी रजई पांघरून लॅपटॉपवर काम करत असे. तक्रार केली की म्हणायचे, "राष्ट्राध्यक्षांनी सोसलंय. तू टेस्टिंग इंजिनिअर आहेस."

चार जुलैला सगळं गाव मांस भाजत असायचं, आतषबाजीची तयारी चाललेली असायची. काकांचा त्या दिवशी उपास. दुसऱ्यांची ती पुण्यतिथी. साबुदाण्याची खिचडी करायचे, एक पान वाढून मागच्या अंगणात ठेवायचे. कावळा काही यायचा नाही, खारी येऊन शेंगदाण्याचा कूट चाटून जायच्या. गंमत म्हणजे तिसराही त्याच वर्षी, त्याच तारखेला गेला. काका एका वाटीत चमचाभर खिचडी वेगळी काढून पानाशेजारी ठेवत आणि म्हणत, "याचंही उरकून टाकू. शेवटी शेवटी समेट झाला होता दोघांचा."

या वेडाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मटार सोलता सोलता. काका मूळचे सांगलीचे, मेकॅनिकल इंजिनिअर. इथे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत होते. कंपनी विकली गेली आणि त्यांना काढून टाकलं. सई, त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा शाळेत होती. काकूंना काय सांगायचं ते सुचेना, म्हणून मीटिंग आहे असं सांगून ते बॉस्टनच्या एका मित्राकडे नोकरीची चौकशी करायला गेले. तिथेही नकार. परत निघायला वेळ होता, म्हणून मित्राने दाखवलेल्या दिशेने भटकत दुसऱ्यांच्या घरापाशी पोचले.

"केवढंसं घर गं! आपल्याकडे तालुक्याच्या वकिलाचं याहून मोठं असतं. तिथली बाई सांगत होती, निवडणूक हरल्यावर ते इथे आले, आणि मग पंचवीस वर्षं इथेच. खत टाकायचे, भिंतीचे दगड रचायचे, वाचायचे. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या देशाने नको म्हटलं तरी माणूस घरी येऊन खत टाकतो. मी तर नुसता पंपवाला. घरी आलो आणि हिला खरं ते सांगून टाकलं."

त्यानंतर त्यांनी बरीच वर्षं कसल्या कसल्या नोकऱ्या केल्या, आणि निवृत्त झाल्यावर पब्लिक लायब्ररीत दर शनिवारी एक वर्ग सुरू केला. अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेला बसणाऱ्यांना ते फुकट शिकवत. सोमाली, रशियन, लाओसचे म्हातारे, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बायका. काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या. तो वर्ग हेच काकांचं गोकुळ होतं. मोतीबिंदूमुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा मी गाडी घेतली होती, त्यामुळे शनिवारी त्यांना सोडायचं काम माझ्याकडे आलं आणि मीही मागे बसून ऐकू लागले.

परीक्षेत दुसऱ्यांवर काही विचारत नाहीत, हा त्यांचा कायमचा सल. पण वर्गात कुठलाही धडा तिथेच येऊन पोचायचा. त्यांची आवडती गोष्ट वकिलीची होती. देश स्वतंत्र व्हायच्या आधीची. बॉस्टनमध्ये इंग्रज सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. सगळं गाव त्या सैनिकांना फाशी द्या म्हणून पेटलेलं. एकही वकील त्यांच्या बाजूने उभा राहीना. दुसरे उभे राहिले, स्वतः स्वातंत्र्याच्या बाजूचे असून. गावाच्या शिव्या खाल्ल्या, आणि बहुतेकांना सोडवलं.

"सगळे ज्याचा तिरस्कार करतात," काका फळ्यासमोर उभे राहून सांगत, "त्याच्याही बाजूने कुणीतरी उभं राहायला पाहिजे. या देशाचं सगळं कायद्याचं बांधकाम या एका वाक्यावर आहे."

सई या गोष्टीवरच वाढली होती. ती वकील झाली आणि मिनिॲपलिसमध्ये सरकारी वकील म्हणून लागली, तेव्हा काकांनी वर्गात पेढे वाटले होते.

सई दर थँक्सगिव्हिंगला जेवायला यायची. हुशार, बारीक, भरभर बोलणारी. मराठी तिला कळायचं सगळं, पण बोलताना लहानपणीचं स्वयंपाकघरातलं तेवढंच यायचं. एकदा जेवताना ती मला डोळा मारून म्हणाली, "बाबांनी तुला त्यांच्या हीरोचे फोर लॉज सांगितले का? नाही ना? ते पेज नेहमी स्किप होतं."

"भाजी घे," काका म्हणाले.

"बाबा, सांगा ना. ही इज स्टिल युअर हीरो, राइट?"

"ते युद्धाचं वातावरण होतं. फ्रान्स अंगावर येत होता. पक्षातले लोक मागे लागले होते. भाजी घे म्हटलं ना."

मग सईनेच सांगितलं. दुसऱ्यांनी आपल्या कारकिर्दीत चार कायद्यांवर सह्या केल्या. सरकारवर टीका छापणाऱ्यांना तुरुंगात टाकायचा एक. बाहेरून आलेल्यांना नागरिकत्व मिळायला कितीतरी जास्त वर्षं लागावीत असा एक. आणि परदेशी माणसाला पकडून हाकलायची मुभा अध्यक्षाला देणारे दोन. त्यातले तीन पुढे मेले. एक अजून जिवंत आहे.

"त्यांनी तो स्वतः कधी वापरला नाही," काका म्हणाले. "एकाही माणसाला त्यांनी त्या कायद्याने हाकललं नाही. हे पण सांग की."

"ट्रू," सई म्हणाली. "सांगितलं." आणि तिने भाजी घेतली. हसत खेळत झालं ते सगळं.

योलांदा काकांच्या वर्गात होती. पन्नाशीची, एका शाळेत साफसफाईचं काम करणारी. इंग्रजी तोडकंमोडकं, पण उत्तर येत असलं की हात वर करून खुर्चीतून उठायची. एका शनिवारी ती आली नाही. सोमवारी संध्याकाळी काकांच्या दारात उभी राहिली, शाळेच्या गणवेशातच. तिच्या धाकट्या भावाला पकडून नेलं होतं. तो घरांची छपरं बसवायचा. त्याचा आश्रयाचा अर्ज अजून पडून होता. सकाळी कामाच्या ठिकाणी इमिग्रेशनवाल्यांच्या गाड्या आल्या, त्याच्या हातावरचं गोंदण बघून तो टोळीतला आहे असं त्यांनी ठरवलं आणि नेला. गोंदण म्हणजे आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि त्याभोवती पानं.

"कुठल्या कायद्याने नेला?" काकांनी विचारलं.

तिला कुठला कायदा माहीत असणार! तिने वकिलाने सांगितलेलं नाव पाठ करून आणलं होतं, ते तिने एकेक शब्द सुटा करून म्हटलं. दोरीवर नेहमीप्रमाणे बनियन वाळत होते. काका त्यांच्याखाली उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"टीचर, तुमची मुलगी सरकारमध्ये वकील," योलांदा म्हणाली. "तिला विचारा, तो कुठे आहे. फक्त कुठे आहे."

काकांनी तिथेच फोन लावला, स्पीकरवर. "सई, माझ्या वर्गातल्या एका बाईंच्या भावाला..."

"बाबा, स्टॉप." सईचा आवाज एकदम बदलला. "डोन्ट टेल मी एनीथिंग. नाव नको, काही नको. मी हे ऐकू शकत नाही. आय मीन, ऐकायला अलाउड नाही. तिच्याकडे लॉयर आहे ना? मग लॉयरला करू दे." आणि फोन बंद झाला.

योलांदाला शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला. तिने मान हलवली, दारातच काढलेले बूट पायात घातले आणि गेली.

वकिलाने भावाच्या सुटकेसाठी कोर्टात अर्ज केला, त्याची सुनावणी त्याच आठवड्यात होती. काका म्हणाले, "मला सोड कोर्टात." मी घाबरले होते, ते कशाला लपवू? मी व्हिसावर. रोज व्हॉट्सॲपवर कोणाचं काय झालं ते येत होतं. ऑफिसातला नाशिकचा एक जण म्हणाला, "यार, तू कशाला या भानगडीत पडतेस? ड्रॉप कर आणि निघ." पण काकांना बर्फातून पायऱ्या चढून जायला हात लागायचा, म्हणून आत गेले.

कोर्टाची खोली मी पहिल्यांदाच बघत होते. डावीकडच्या बाकावर योलांदा आणि तिची भावजय. काका त्यांच्या मागे जाऊन बसले. न्यायाधीश यायच्या जरा आधी उजव्या टेबलाशी एक करड्या कोटातली बाई येऊन कागद लावू लागली. पाठच दिसत होती. पण ती पाठ आम्हा दोघांनाही ओळखू आली.

सई जे बोलली त्यात भावाविषयी काहीच नव्हतं. तो दोषी आहे की नाही, गोंदण कसलं, काही नाही. ती एवढंच म्हणाली की सुटकेचा अर्ज दाखल झाला त्याच्या आधीच त्याला टेक्ससला हलवलं होतं. तो या राज्यात नाही, म्हणून या कोर्टाला त्याचं ऐकण्याचा अधिकार नाही. शांत, स्वच्छ आवाजात. आवाजात कुठे खोट नव्हती. मला आठवतं, मनात आलं होतं, किती छान बोलते ही!

तेवढ्यात काका उभे राहिले. बोलले काहीच नाहीत, नुसते उभे. शिपाई जवळ आला. "सर, प्लीज सिट डाउन." काका बसले नाहीत. त्याने पुन्हा सांगितलं. तेव्हा काका सईकडे हात करून, एखाद्या लग्नात ओळख करून द्यावी तशा स्वरात म्हणाले, "आय ॲम हर फादर."

सगळी खोली वळली. योलांदाही वळली. फक्त सई वळली नाही. तिची मान कॉलरपासून कानापर्यंत लाल होत गेलेली दिसली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं आणि काका बसले.

निकाल सईच्या बाजूने लागला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सई आमच्याकडे आली. डोळे कोरडे, ओठ पांढरे.

"फोन केला तेव्हा तुला ठाऊक होतं?" काकांनी विचारलं.

"नाही. फाइल नेक्स्ट डे आली."

"मग नाही म्हणता आलं असतं."

"आलं असतं. मग दुसरं कुणीतरी उभं राहिलं असतं, बाबा. सेम आर्ग्युमेंट. सेम रिझल्ट."

"मग ते दुसरं कुणीतरी उभं राहिलं असतं."

सई मग हळू आवाजात इंग्रजीत बोलू लागली. तिचं म्हणणं असं, की तुम्हीच मला शिकवलंत. सगळे ज्याचा तिरस्कार करतात त्याच्याही बाजूने कुणीतरी उभं राहायला पाहिजे. या शहरात आज माझ्या अशिलाचा, सरकारचा, सगळे तिरस्कार करतात. माझ्या मैत्रिणी माझ्याशी बोलत नाहीत. मी उभी राहिले. आता तुम्हीच सांगा, मी काय चुकले?

मी काकांना इतकी वर्षं ओळखत होते. दुसऱ्यांवरच्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे तासभराचं उत्तर असायचं. त्या दिवशी ते माझा दंड धरून लिफ्टकडे वळले. सई तिथेच उभी राहिली.

त्यानंतर बापलेक बोलले नाहीत. सई फोन करायची, काका उचलायचे नाहीत. तिने मग मला मेसेज करायला सुरुवात केली: बाबा जेवतात का, औषध घेतात का.

योलांदाच्या भावाला टेक्ससमधून विमानात बसवून भलत्याच एका देशातल्या तुरुंगात पाठवलं. तिला ते बातम्यांतून कळलं. पुढच्या शनिवारी ती वर्गाला आली. कुणाला वाटलं नव्हतं. तिच्या जागेवर बसली, वही उघडली.

काका त्या दिवशी फळ्यापाशी गेले नाहीत. खुर्ची ओढून सगळ्यांसमोर बसले आणि म्हणाले की मी तुम्हाला आजवर एक पान सोडून शिकवत आलो. या बाईंचा भाऊ ज्या कायद्याने गेला त्यावर माझ्या माणसाची सही आहे. ते हरले, शांतपणे घरी गेले, हे मी तुम्हाला दर वर्षी सांगितलं. जाताना घरात काय ठेवून गेले, ते सांगितलं नाही. त्यांनी तो कायदा वापरला नाही असं मी माझ्या मुलीला म्हणायचो. वापरला नाही म्हणजे काय, धार लावलेला कोयता फळीवर ठेवून गेले. घरात पुढे कोण राहायला येईल याचा विचार केला नाही.

मग योलांदाने हात वर केला. "टीचर, हे परीक्षेत येतं?"

"नाही," काका म्हणाले.

"मग पुढचा धडा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं तिला खरंच पुढे जायचं होतं. तिची परीक्षा जवळ आली होती आणि आता घरात कागदपत्रं धडपणे असलेली ती एकटीच उरली होती.

त्या चार जुलैला काकांनी उपास केला नाही. खिचडीही केली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बुट्टी मारली." दिवाणखान्यातली दोरी मात्र तशीच होती. "वहिनींचा काय दोष?" असं ते म्हणाले, पण नंतर मला काकांकडूनच कळलं की त्या कायद्यांच्या बाजूने वहिनीही होत्या, दुसऱ्यांपेक्षा जास्त कडक. ते त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं आणि दोरी सोडली. धुणं खाली ड्रायरमध्ये जाऊ लागलं. घर एकदम ऊबदार आणि परकं वाटायला लागलं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी ते न्याहारीच्या टेबलाशी कोसळले. मी वर होते म्हणून अँब्युलन्स वेळेत आली. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. उजवी बाजू गेली आणि इंग्रजी गेलं. सगळंच्या सगळं. इतकी वर्षं ज्या भाषेत नोकऱ्या शोधल्या, मुलीला वाढवलं, वर्ग घेतला, ती भाषा धुऊन निघाली. मराठी उरलं, तेही तुटक, दोन-दोन शब्दांचं.

डॉक्टर रोज सकाळी येऊन ठरावीक प्रश्न विचारत. मी मराठीत करून सांगायची. "काका, विचारताहेत, तुम्ही कुठे आहात?" "इस्पितळ." "महिना कुठला?" "थंडी." "राष्ट्राध्यक्ष कोण?"

काकांनी खूप वेळ छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "दुसरे."

डॉक्टरने मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, 'द सेकंड वन' म्हणाले. त्याने काहीतरी टाइप केलं. मला त्याला समजावून सांगावंसं वाटलं, पण कुठून सुरुवात करणार?

सई पहिल्याच दिवशी आली होती. बाहेरच्या खुर्चीत बसून राहायची. काका झोपले की आत यायची. मग एकदा ते जागे असताना आली. पलंगाशी बसून इंग्रजीत बोलायला लागली, भरभर, खूप काही. काका तिच्याकडे, आवाज बंद केलेल्या टीव्हीकडे बघावं तसे बघत होते. तिच्या ते लक्षात आलं आणि ती थांबली. "बाबा, पाणी?" म्हणाली. तिच्याकडे तेवढेच शब्द होते. काकांनी मान हलवली. तिने चमच्याने पाणी पाजलं.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आस्क हिम. त्या दिवशीचं. कॉरिडॉरमधलं. व्हॉट डिड आय गेट राँग?"

मी विचारलं. काकांना लगेच कळलं. जणू ते तेवढ्याचीच वाट बघत होते. त्यांनी डावा हात उचलला आणि उजव्या, निर्जीव मनगटावर ठेवला.

"दुसऱ्यांच्या अशिलाच्या..." ते म्हणाले. "हातांना... बेड्या."

मग हात उचलून मूठ वळली, काहीतरी धरल्यासारखी.

"तुझ्या अशिलाच्या... हातात... बेड्या."

एवढ्यानेच त्यांना घाम फुटला. मी सईला सांगायला गेले तर इंग्रजीत ते जमेना. मी दोन-तीनदा प्रयत्न केला. शेवटी म्हटलं, एकाच्या हातांना घातलेल्या होत्या, एकाच्या हातात धरलेल्या होत्या. सईने हात वर करून मला थांबवलं. "कळलं," ती म्हणाली. "मला कळलं ते."

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "विल ही फर्गिव्ह मी? विचार ना."

मी विचारलं, "काका, तिला माफ करताय ना?"

काकांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "मी कोण? तिला... विचार. योलांदा."

काका त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. फ्युनरल होममध्ये त्यांच्या वर्गातले इतके लोक आले की खुर्च्या कमी पडल्या. योलांदा परीक्षा पास झाली, शपथही घेतली. भाऊ अजून त्या तुरुंगात आहे, निदान मला शेवटचं कळलं तेव्हा होता. सई त्याच ऑफिसात आहे. दुसऱ्या विभागात बदली मागितली असं म्हणाली होती, मिळाली की नाही ठाऊक नाही. घर विकलं गेलं. मी टेक्ससला अर्विंगमध्ये आले, आणि इथेही हायवेवरून जाताना आकाशात उतरणारं विमान दिसलं की कधी कधी त्या भावाचा विचार येतो, ज्याला मी कधी पाहिलंसुद्धा नाही.

पण काकांची आठवण निघाली की मला ती दुपार आठवते. काकांनी योलांदाचं नाव घेतलं त्याच दिवशी सईने माझ्याकडून पत्ता घेतला आणि म्हणाली, "तू चल. प्लीज." बर्फ पडून गेलेलं होतं, रस्त्याकडेला काळ्या चिखलाचे ढीग. अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर योलांदाने दार उघडलं. मला बघून तिचा चेहरा उजळला, मग तिने माझ्या शेजारी पाहिलं.

"टीचर कसे आहेत?" तिने मला विचारलं.

मी सांगितलं. सईने बोलायला सुरुवात केली. तिचं नाव, ती कोण, ती कशासाठी आली आहे. तिने पाठ केलं असावं, कारण कोर्टात बोलायची तसंच स्वच्छ बोलत होती, आणि दोन वाक्यांतच तिचा आवाज फुटला. योलांदाने ते सगळं ऐकून घेतलं. उंबऱ्यातच उभी राहून, दाराच्या कडेवर हात ठेवून. आत या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. सईचं बोलणं संपलं. ती उभी राहिली.

योलांदा आत गेली. दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरात झाकणं वाजली. ती एक गरम डबा घेऊन बाहेर आली, टॉवेलात गुंडाळलेला. "सूप. टीचरसाठी. मीठ कमी," ती म्हणाली. सईने पटकन दोन्ही हात पुढे केले. योलांदाने डबा त्या हातांवरून पुढे नेला आणि माझ्याकडे दिला. मग दार हळूच लावून घेतलं.

परतताना गाडीत सई सिग्नलला म्हणाली, "शी डिडन्ट इव्हन लुक ॲट मी."

"पाहिलं तिने," मी म्हटलं.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तिने गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि तशीच बसून राहिली. मी दार उघडून एक पाय बाहेर टाकला, थांबले. डबा माझ्या मांडीवर अजून चटके देत होता. मी तो तिच्यापुढे धरला. "तू ने वर. बाबांना बरं वाटेल."

सईने मान हलवली. "तुला दिलाय तिने," ती म्हणाली.

मी एकटीच वर गेले.